मे महिन्यातही विझणार नाही असा डीप-रेड फॉस्फर कॉलेजच्या लॅबमध्ये कसा बनवायचा

आमचे आप्पा अर्धापूरकडं केळीच्या टिश्यू कल्चर रोपांचं हार्डनिंग करतात, म्हणजे लॅबमधल्या रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावतात. मी लाल लाइटसाठी फॉस्फर, म्हणजे निळा उजेड पिऊन लाल उजेड देणारी पावडर, बनवतोय म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "अरे ऊन काय कमी हाय का आपल्याकडं, लाइटा कशाला लावूलालास?" प्रश्न एकदम बरोबर आहे. दुपारच्या उन्हात प्रत्येक चौरस मीटरवर सेकंदाला २००० मायक्रोमोलच्या आसपास झाडाला वापरता येणारे फोटॉन पडतात, एवढा उजेड दिव्यानं पाडायचा म्हटलं तर वीजबिलातच माणूस बसेल. पण टिश्यू कल्चरच्या ग्रोथ रूममध्ये ऊन येतच नाही, तिथं रॅकवर रॅक असतात, एसी लावून २५ डिग्री धरलेले असतात आणि लाइटमधून निघणारी प्रत्येक वॅट उष्णता त्याच एसीला परत ओढावी लागते. दुसरी गरज शेवंतीवाल्यांची, मध्यरात्री थोडा वेळ लाइट लावून फुलणं पुढं ढकलायचं असतं त्यांना. दोन्हीकडं उजेड थोडाच लागतो पण रंग नेमका लागतो, आणि तो रंग म्हणजे ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद लाल.

का ६६०, तर क्लोरोफिल ए तिथंच शोषतं आणि फायटोक्रोम नावाचं झाडातलं स्विच पण तिथंच चालू होतं, ७३० च्या फार-रेडला ते उलटं फिरतं. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला बोर्थविक आणि हेन्ड्रिक्स यांच्या ग्रुपनं लेट्यूसच्या बियांवर हे दाखवलं, लाल दिला की उगवण, फार-रेड दिला की बंद, परत लाल दिला की परत उगवण, शेवटी कोणता रंग दिला तेवढंच बी लक्षात ठेवतं. म्हणून आपली पावडर ६३० ला चमकली तर ती टीव्हीच्या कामाची, ६५० ते ६७० मध्ये आली तर आपल्या कामाची, आणि ७०० च्या पुढं गेली तर फार-रेडचं वेगळंच गणित सुरू होतं, रोप उंच आणि लुकडं व्हायला लागतं.

आता कुणी म्हणेल सरळ ६६० ची लाल एलईडीच लाव ना. लावा, खुशाल लावा, मोठ्या ग्रो लाइटमध्ये तेच करतात. ४५० च्या निळ्या चिपवर फॉस्फर टाकून ६६० काढायचं म्हणजे एकेक फोटॉन वसूल झाला तरी ऊर्जेचा हिशोब ४५० भागिले ६६०, म्हणजे ६८ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, बाकीची उष्णता. हे आधी मान्य करा, मग पुढं चला. फायदा एवढाच की एकाच प्रकारची निळी चिप, एकच ड्रायव्हर, आणि पावडर बदलून पाहिजे तो रंग. शिवाय लाल एलईडीची चिप स्वतःच गरम झाल्यावर निळ्यापेक्षा जास्त मंदावते. आणि ज्या एमएस्सीच्या पोराकडं फक्त एक मफल फर्नेस, म्हणजे साधी विजेची भट्टी, आहे त्याला चिप बनवता येत नाही, पावडर बनवता येते, हे खरं कारण.

आधी होस्ट निवडा, उष्णतेचा निकाल तिथंच लागतो

होस्ट म्हणजे चमकणारा अणू ज्यात बसवायचा ते स्फटिकाचं घर. बहुतेक जण काय करतात, हाताला लागेल तो ऑक्साइड घेतात, चमकणारा अणू म्हणून मँगनीज टाकतात, लाल चमकला की खूश होतात आणि सगळ्यात शेवटी गरम करून बघतात. मग १०० डिग्रीला निम्मा उजेड गेलेला दिसतो आणि थिसिसचं एक वर्ष गेलेलं असतं. मी पण हेच केलं, एका टायटॅनेटच्या (टायटॅनियमवाल्या ऑक्साइडच्या) मागं लागलो होतो, खोलीत इतका सुंदर लाल दिसायचा की फोटो काढून सगळ्यांना पाठवला. मँगनीजसाठी टायटॅनेट उष्णतेत सहसा कच्चे पडतात हे नंतर वाचलं.

लालसाठी पर्याय तीन-चार आहेत. युरोपियम टू प्लसचे (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या युरोपियमचे) नायट्राइड, कॅल्शियम अ‍ॅल्युमिनियम सिलिकॉन नायट्राइडवाला ६५० च्या आसपास चमकतो आणि बाजारात तोच चालतो, पण त्याच्या उजेडाचा पट्टा रुंद आहे. २०१४ साली आलेला स्ट्रॉन्शियम लिथियम अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड अरुंद आहे आणि २०० डिग्रीलाही जवळजवळ सगळा उजेड धरतो, गुणांनी एक नंबर. पण त्याला ग्लोव्हबॉक्स (हातमोजे लावलेली हवाबंद पेटी) पाहिजे, फॉर्मिंग गॅस (नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन) पाहिजे, ओलाव्यानं खराब होतो. आपल्याकडं नाही, विषय संपला. पोटॅशियम फ्लोरोसिलिकेटमध्ये मँगनीज टाकलेला ६३१ ला येतो म्हणजे रंगच चुकला, आणि बनवायला हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लागतं. हे अ‍ॅसिड कातडीवर पडलं की आत हाडापर्यंत जातं, लॅबमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि तयारीचा माणूस नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका, मी मस्करी करत नाही.

राहिला ऑक्साइडमधला मँगनीज फोर प्लस. हा गडी स्वस्त, हवेतच भाजायचा, गॅस-बिस काही नाही. याच्या बाहेरच्या कक्षेत तीन डी इलेक्ट्रॉन, म्हणजे माणकातल्या क्रोमियम थ्री प्लसचा सख्खा भाऊ. माणिक ६९४ ला लाल चमकतं ते याच पद्धतीनं. मँगनीजला बसायला सहा ऑक्सिजनचं अष्टफलक लागतं, त्याची त्रिज्या ०.५३ अँगस्ट्रॉम, म्हणून ज्या होस्टमध्ये सहा ऑक्सिजनमध्ये बसलेला अ‍ॅल्युमिनियम (०.५३५) किंवा जर्मेनियम (०.५३) आहे तिथं तो आपलं घर असल्यासारखा बसतो. टायटॅनियम ०.६०५, तिथं पण बसतो. जागा चार ऑक्सिजनची असेल तर तो टू प्लस होऊन हिरवा चमकायला लागतो.

उष्णतेचं गणित असं की मँगनीजचा लाल उजेड टू-ई नावाच्या पातळीवरून खाली पडताना येतो. तिच्या वर फोर-टी-टू नावाची पातळी आहे. गरम झालं की इलेक्ट्रॉन वर चढून फोर-टी-टूमध्ये जातो आणि तिथून उजेड न देता, नुसती स्फटिकातल्या अणूंची जाळी हलवून खाली घसरतो. माळवदावर ठेवलेलं धान्य शिडीनं खाली यायच्या ऐवजी धाब्याच्या भोकातून गळून जावं तसं. मग हे भोक जितकं उंच तितकं बरं. नेदरलँड्समधल्या युट्रेक्टच्या ग्रुपनं २०१८ मध्ये फ्लोराइडवर हे नीट मोजून दाखवलं की फोर-टी-टू जितकी वर तितकं विझण्याचं तापमान जास्त. ऑक्साइडमध्ये आणखी एक भानगड असते, ऑक्सिजनकडून मँगनीजकडं चार्ज जाण्याची पातळी पण मधे येते, पण हात घालायला पहिला नियम हाच.

म्हणजे तुम्हाला फर्नेस चालू करायच्या आधी, किंवा निदान हीटर जोडायच्या आधी, नुसत्या एक्सायटेशन स्पेक्ट्रमवरून, म्हणजे कोणत्या रंगानं पावडर पेटते त्या आलेखावरून, अंदाज येतो. निळ्याकडचा पट्टा ४५० ला असेल तर ५०० ला असलेल्यापेक्षा तो होस्ट उष्णतेत जास्त टिकायची शक्यता आहे. आणि ४५० च आपल्याला पाहिजे कारण निळी चिप तिथंच आहे. फार वर गेला, ४०० च्या खाली, तर टिकेल पण निळी चिप त्याला पेटवणारच नाही.

या सगळ्या चाळणीतून मी जे पकडलं ते स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट, स्ट्रॉन्शियम ४, अ‍ॅल्युमिनियम १४, ऑक्सिजन २५. लॅबमध्ये आम्ही याला चार-चौदा-पंचवीसच म्हणतो. ६५२ च्या आसपास लाल, एक पट्टा ४५० जवळ, आणि महत्त्वाचं म्हणजे बोरिक अ‍ॅसिडचा फ्लक्स (कमी तापमानात स्फटिक बनायला मदत करणारा) घातला की १२५०–१३०० डिग्रीत बनतो. यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम टाकलं की रात्री हिरवट-निळं चमकत राहणारं रेडियमवालं मटेरियल होतं (त्यात रेडियम औषधालाही नसतं), तेच घर, भाडेकरू वेगळा. कॅल्शियम हेक्साअ‍ॅल्युमिनेट ६५६ ला येतो, याच्यापेक्षाही छान, पण त्याला १५०० च्या पुढची भट्टी लागते. कॅन्थल तारेच्या मफलला १२०० नंतर घाम फुटतो, सिलिकॉन कार्बाइडचे रॉड असतील तर १४०० पर्यंत निवांत, आधी आपली भट्टी कुठपर्यंत जाते ते पाटीवर बघा आणि मग होस्ट ठरवा, उलटं नको.

वजनं

५ ग्रॅमची बॅच धरू. अ‍ॅल्युमिनियमच्या जागांपैकी ०.२ टक्क्यावर मँगनीज, आणि तेवढंच मॅग्नेशियम. मॅग्नेशियम का, तर थ्री प्लस अ‍ॅल्युमिनियमच्या जागी फोर प्लस मँगनीज बसवला की एक चार्ज जास्त होतो, शेजारी टू प्लस बसवला की हिशोब जुळतो, नाहीतर जाळी आपल्या मनानं खड्डे पाडते आणि ते खड्डेच गरम झाल्यावर उजेड खातात. तर,

स्ट्रॉन्शियम कार्बोनेट २.६१७ ग्रॅम
अ‍ॅल्युमिना ३.१५० ग्रॅम
मँगनीज कार्बोनेट १४.३ मिलिग्रॅम
मॅग्नेशियम ऑक्साइड ५.० मिलिग्रॅम
बोरिक अ‍ॅसिड वरून, सुरुवातीला पाव ग्रॅम

ते १४ मिलिग्रॅम बघितलं का, सगळा खेळ तिथं आहे. चार दशांशाचा काटा असेल तर ठीक, सोनाराच्या दोन दशांशाच्या काट्यावर हे तोलू नका, एक झुळूक आली की कॉन्सन्ट्रेशन दुप्पट. त्यावर उपाय म्हणजे १ ग्रॅम मँगनीज कार्बोनेट आणि ९ ग्रॅम अ‍ॅल्युमिना एकत्र तासभर घोटून एक मास्टर मिक्स करून ठेवा, मग प्रत्येक बॅचला त्यातलं १४३ मिलिग्रॅम घ्या आणि मूळ अ‍ॅल्युमिना १२९ मिलिग्रॅमनं कमी करा. कॉन्सन्ट्रेशनची सीरिज करताना ०.०५, ०.१, ०.२, ०.४, ०.८ टक्के एवढ्यातच फिरा. मँगनीज शेजारी-शेजारी आले की एकमेकांना ऊर्जा देत-देत शेवटी एखाद्या खड्ड्यात घालवतात, म्हणून जास्त टाकलं की जास्त लाल असं अजिबात होत नाही. एका ज्युनिअरनं "थोडं सढळ हातानं" म्हणून ५ टक्के टाकलं होतं, पावडर चहाच्या गाळासारखी निघाली.

मँगनीज कार्बोनेटची बाटली जुनी आणि आतलं तपकिरी झालं असेल तर ते हवा खाऊन बसलंय, नवीन घ्या. 

आणि लोखंड. लोखंड हा फॉस्फरचा वैरी. स्टीलचा चमचा, गंजकी चाळणी, लोखंडी खल, काहीच नको, अ‍ॅगेटचा खल आणि प्लास्टिकचा चमचा. आपल्याकडची काळी माती बेसॉल्टची, लोह भरपूर, आणि उन्हाळ्यात दुपारी वावटळ सुटली की ती धूळ खिडकीतून सरळ खलात. आम्ही एप्रिल-मेमध्ये घोटायचं काम सकाळी सातला खिडक्या लावून करतो, पंखा बंद, घाम पुसत. हसू नका, एकाच रेसिपीच्या जानेवारीच्या आणि मेच्या बॅचमध्ये फरक यायचा आणि आम्ही आधी सगळा दोष केमिकलवाल्याला दिला होता.

भाजणं

अ‍ॅसिटोन घालून पाऊण तास घोटा, वाळू द्या, परत घोटा, असं दोनदा तरी. अ‍ॅल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये (भाजायच्या भांड्यात) निम्मंच भरा कारण बोरिक अ‍ॅसिड वितळून फुगतं. पहिलं भाजणं ९०० डिग्री ४ तास, कार्बोनेट उडून जातं. थंड करून परत घोटा, हे परत घोटणं टाळू नका, कंटाळा इथंच नडतो. मग १२५० ते १३०० ला ५–६ तास, हवेत, मिनिटाला ३ ते ५ डिग्रीनं चढवत. थंड पण हळू. कोळसा, ग्रॅफाइट, कागद काही भट्टीत नको, मँगनीज फोरचा टू होईल.

आता लाइटीचं. भट्टी १२०० ला आणि लाइट गेली, हे आपल्याकडं धरूनच चालायचं. घाबरून दार उघडू नका, क्रुसिबल तडकतं आणि भट्टीच्या विटा पण. तशीच थंड होऊ द्या, बाहेर काढा, घोटा आणि पूर्ण सायकल परत चालवा, सॉलिड स्टेटला, म्हणजे कोरडी पावडर भाजायच्या या पद्धतीला, दोनदा भाजल्याचं सहसा वाईट वाटत नाही. फक्त वहीत लिहा की ही बॅच मधे थांबली होती. कंट्रोलरला लाइट आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग असेल तर ती बंद ठेवा, रात्री तीनला भट्टी एकटीच फुल स्पीडनं चढत बसते.

मोठी भट्टीच नसेल तर कम्बशनची पद्धत आहे, नायट्रेट आणि युरिया पाण्यात विरघळवून ५०० डिग्रीच्या भट्टीत ठेवायचं, पाच मिनिटांत भडका होऊन पांढरा फेस उरतो. बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये किंग्सली आणि पाटील यांनी १९८८ साली अ‍ॅल्युमिनासाठी ही दाखवली आणि भारतातल्या निम्म्या फॉस्फर लॅब त्यावर चालल्या. पण त्या ज्वाळेत ऑक्सिजन कमी पडतो, मँगनीज टू होतो, म्हणून नंतर हवेत १००० च्या पुढं परत भाजावंच लागतं. आणि हो, युरिया केमिकलच्या दुकानातला घ्या. घरून पोत्यातला युरिया आणणारा एक नग आमच्याकडं होता, खताचा युरिया नीम कोटेड असतो, सगळ्या लॅबला कडुलिंबाचा वास आणि पावडर करड्या रंगाची.

टॉर्चनं बघा, मग एक्सआरडी

थंड झालेली वडी कुटली की अंधारात ३६५ ची यूव्ही टॉर्च मारा, गॉगल घालून. गडद लाल दिसला तर बरोबर चाललंय. हिरवट दिसला तर मँगनीज टू प्लस आहे, हवा कमी पडली. निळा-हिरवा दिसून टॉर्च बंद केल्यावरही चमकत राहिला तर खल कुणीतरी युरोपियमवाल्यानं वापरलाय, त्याला शोधा. दिवसाच्या उजेडात पावडर फिकट असली पाहिजे, तपकिरी झाक म्हणजे मँगनीज जास्त किंवा बाहेर पडून ऑक्साइड बनलेला. डोळ्याला ६५० चा लाल फार मंद दिसतो हे लक्षात ठेवा, डोळ्याची ६६० ची संवेदना हिरव्याच्या फक्त ६ टक्के, म्हणून "कमी चमकतंय" म्हणून बॅच फेकू नका.

एक्सआरडीत, म्हणजे एक्स-रेनं स्फटिकाची रचना तपासताना, बघायचं एवढंच की चार-चौदा-पंचवीसच्या सोबत दुसरे अ‍ॅल्युमिनेट किती आलेत, एक-दोन आणि एक-बारा वाले (एका स्ट्रॉन्शियममागं इतके अ‍ॅल्युमिनियम) हमखास डोकावतात. बोरिक अ‍ॅसिड कमी पडलं की हवा तो स्फटिक अर्धवट बनतो, जास्त झालं की काचेसारखी वडी बसते आणि हातोडीनं पण फुटत नाही. पाव ग्रॅमपासून खाली-वर दोन-दोन पायऱ्या करून बघा, प्रत्येक भट्टीचं उत्तर वेगळं निघतं.

पीएलमधले (चमकेच्या मोजणीतले) दोन सापळे

३३० नॅनोमीटरनं पेटवलं आणि ६६० ला सुईसारखा पीक आला, अभिनंदन, तो तुमचा फॉस्फर नाही. उजेड रंगांत फोडणाऱ्या ग्रेटिंगमधून ३३० ची दुसरी ऑर्डर (दुप्पट आकड्यावर दिसणारी सावली) बरोब्बर ६६० ला येते. एमिशनच्या बाजूला लाँगपास फिल्टर (फक्त लांब तरंगलांबी जाऊ देणारा) लावा, किंवा एक्सायटेशन ३३५ करून बघा, पीक ६७० ला सरकला तर तो भूत आहे, खरा मँगनीज जागचा हलत नाही. मला हे सेमिनारमध्ये एका सरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, तेव्हापासून फिल्टर खिशातच असल्यासारखा वापरतो.

दुसरं म्हणजे डिटेक्टर. काही फोटोमल्टिप्लायर ६५० नंतर बहिरे होतात, करेक्शन फाइल लावली नाही तर पीकची जागा पण खोटी दिसते. माहीत असलेल्या नमुन्यावर आधी तपासा.

आता गरम करा

इथं दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. गरम असताना उजेड कमी होणं आणि थंड झाल्यावर परत येणं, हे क्वेंचिंग. थंड झाल्यावरही परत न येणं, हे खराब होणं. दोन्हीला "हीट स्टेबल नाही" म्हणतात पण इलाज वेगळे आहेत, पहिल्याला होस्ट बदलावा लागतो, दुसऱ्याला भाजणं, कोटिंग किंवा सिलिकोन. म्हणून चढताना मोजा तसं उतरतानाही मोजा. नुसता चढतीचा आलेख दाखवणारा पेपर मी बाजूला ठेवतो.

हीटिंग अटॅचमेंट नसेल तर जुगाड असा, लहान हॉटप्लेटवर तांब्याचा तुकडा, त्यात उथळ खळगा, खळग्यात दाबलेली पावडर आणि के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पावडरला टेकलेलं, प्लेटला नाही. निळी ४५० ची एलईडी एका हाताच्या अंतरावर, तिला वेगळा हीटसिंक, कारण ती गरम झाली की तीच मंदावणार आणि दोष फॉस्फरवर येणार. यूएसबी स्पेक्ट्रोमीटरचा फायबर तिरका धरून स्टँडला पक्का करा. खोलीच्या तापमानापासून २५-२५ डिग्रीच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर १० मिनिटं थांबायचं, २०० पर्यंत. दर वेळी निळ्या प्रकाशाचं रिफ्लेक्शन पण नोंदवा, तेच तुमचं "लाइट तेवढीच होती" याचं प्रमाणपत्र.

पीकची उंची नका घेऊ, पट्ट्याखालचं क्षेत्रफळ घ्या. मँगनीजचा पट्टा गरम झाल्यावर पसरतो, उंची पडते पण क्षेत्रफळ तेवढं पडत नाही, उंचीनं मोजलं की स्वतःचाच तोटा. शक्य असेल तर आयुष्यकाळ, म्हणजे पेटवणं थांबवल्यावर चमक किती वेळ टिकते, तो पण मोजा, मँगनीजचा मिलिसेकंदात असतो म्हणजे साध्या ऑसिलोस्कोपवर दिसतो. उजेड वाढलेला दिसतोय पण आयुष्यकाळ घटतोय, तर गरम झाल्यावर शोषण वाढलंय एवढंच, "निगेटिव्ह थर्मल क्वेंचिंग" म्हणून पेढे वाटू नका.

अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे मघाच्या भोकापर्यंत चढायला लागणारी ऊर्जा, काढायला आलेख लागतो पण हातानं पण जमतं. समजा २५ डिग्रीचा उजेड १ धरला, १५० ला म्हणजे ४२३ केल्व्हिनला ०.८० उरला आणि २०० ला म्हणजे ४७३ ला ०.५५. एक भागिले उजेड वजा एक, त्याचा नॅचरल लॉग, तो आला उणे १.३९ आणि उणे ०.२०, फरक १.१९. दुसरीकडं बोल्ट्झमन स्थिरांक ८.६१७ गुणिले दहाचा उणे पाचवा घात घेऊन एक भागिले केटी (स्थिरांक गुणिले केल्व्हिनमधलं तापमान), २७.४४ आणि २४.५४, फरक २.९०. भागा, ०.४१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. दोन बिंदूंवर पेपर लिहू नका, सहा-सात घ्या, पण संध्याकाळी चहा घेता-घेता बॅच कशी निघाली ते एवढ्यावर कळतं.

१५० डिग्री हा आकडा सगळे का वापरतात, तर चिपला चिकटलेली पावडर चालू दिव्यात १०० ते १५० मध्येच असते. ही उष्णता खोलीच्या तापमानावर बसते. २५ च्या एसी रूममध्ये ११० ला असलेली पावडर मे महिन्यात ४४ च्या शेडनेटमध्ये १३० च्या जवळ जाणार, म्हणून आमच्याकडं मी १५० ऐवजी १७५ चा आकडा मागतो.

ओलाव्यासाठी कारखान्यात ८५ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात. गरिबाची आवृत्ती म्हणजे घरचा प्रेशर कुकर, उघड्या काचेच्या बाटलीत पावडर, खाली जाळी, शिट्टीच्या दाबाला आतली वाफ १२० च्या आसपास असते, दोन तास चालवा आणि आधी-नंतरचा उजेड बघा. तो कुकर परत स्वयंपाकाला नाही हं, आईनं मला एकदाच विचारलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मी नवीन आणला.

चिपवर आणि रोपावर

पावडर चाळून १० मायक्रॉनच्या आसपास ठेवा, बॉलमिलमध्ये जास्त दळलं की पृष्ठभाग जखमी होतो आणि उजेड पडतो, दळलंच तर नंतर ८०० ला थोडं भाजून घ्या. दोन भागांच्या ऑप्टिकल सिलिकोनमध्ये कालवा, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा, १५० ला तासभर तरी पक्कं करा. हार्डवेअरच्या दुकानातलं इपॉक्सी नको, निळ्या उजेडात आणि उष्णतेत पिवळं पडतं आणि मग तुम्ही पावडरला शिव्या देता. मँगनीज निळा प्रकाश फार कमी शोषतो, म्हणून थर जाड लागतो, वजनानं निम्म्यापर्यंत पावडर टाकावी लागली तरी दचकू नका. जाड थर म्हणजे उष्णता आत अडकणार, त्यापेक्षा काचेच्या पट्टीवर थर देऊन चिपपासून थोडा लांब ठेवला तर पावडर कितीतरी थंड राहते.

रोपावर तपासताना लक्समीटर आणि मोबाइलचं अ‍ॅप बाजूला ठेवा, ते माणसाच्या डोळ्याचं माप आहे. पीपीएफडी मीटर, म्हणजे चौरस मीटरवर सेकंदाला पडणारे फोटॉन मोजणारं, कुणाकडून तरी मागून आणा, परभणीला वनामकृविमधल्या (वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या) प्लांट फिजिओलॉजीवाल्यांना विचारा, आपल्या फिजिक्सवाल्यांना झाडातलं कळत नाही ते पण ते सांगतील. दोन ट्रे कोथिंबीर किंवा मेथी, एकाला पांढरा लाइट, एकाला आपला, दोन्हीवर मोजून १०० मायक्रोमोल, १२ तास, म्हणजे दिवसाला ४.३२ मोल. फोटॉन सारखे नसतील तर तुलना फुकट आहे.

आमचा पहिला ट्रे आप्पांनी येऊन बघितला. लाल-निळ्या उजेडात पानं काळी दिसत होती. ते वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यात करपा आला तर मला दिसंल कसा?" चार वर्षांत हा प्रश्न मला एकाही परीक्षकानं विचारला नव्हता. आता आम्ही त्याच सिलिकोनमध्ये थोडी पिवळी यॅग-सिरियमची पावडर मिसळतो, म्हणजे उजेड गुलाबीसर पांढरा होतो आणि पान हिरवं दिसतं. यॅग निळा प्रकाश अधाशासारखा पितो, म्हणून तो चिमटीनंच, लालच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी टाकून सुरुवात करा आणि पानावरचा डाग ओळखू यायला लागला की थांबा.